गॅसची शेगडी आणि रांगते मूल



गेल्या खेपेला कणगीतल्या किडीविषयी लिहिले होते. त्यावर पुष्कळ पत्रे आली. त्यांतच एक पत्र निराळ्याच विषयाचे निघाले. ते वाचल्यावर बाकीची पत्रे मी बाजूला ठेवली. पत्र लिहिणारी बाई लेकुरवाळी आहे. ती लिहिते :

‘आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी गॅस आला. बसून स्वयंपाक करायची सवय, म्हणून शेगडी चुलीशेजारी पाटावरच ठेवली आहे. माझा मुलगा सव्वा वर्षाचा आहे. धरून उभा राहायला लागल्यापासून शेगडीची बटणे हेच त्याचे खेळणे झाले आहे. परवा मी पाठमोरी पीठ मळत होते, तर वास आला. वळून बघते, तर एक बटण पुरते फिरवलेले. आत्या म्हणतात, गॅस परत करून टाका, आपली चूल बरी. हे म्हणतात, पोराला दोन फटके द्या म्हणजे पुन्हा हात लावणार नाही. मी कोणाचे ऐकू?’

बाई, तू दोघांचेही ऐकू नकोस. सासूबाईंची भीती खोटी नाही, पण चुलीपाशी पोरे भाजत नाहीत असे थोडेच आहे? रांगत जाऊन निखाऱ्यात हात घातलेली, वैलावरचे पातेले अंगावर ओढून घेतलेली पोरे आपल्या सगळ्यांच्या पाहण्यात आहेत. शिवाय चुलीच्या धुराने लहान मुलांना छातीचे दुखणे, न्यूमोनिया जडतो, हे डॉक्टर लोक कितीतरी वर्षांपासून सांगत आले आहेत. आणि फटक्यांचे म्हणशील, तर सव्वा वर्षाच्या पोराला फटका लक्षात राहतो, बटण राहत नाही. ते पुन्हा तिथेच जाणार. पोराला शेगडीपासून वळवण्यापेक्षा शेगडीच पोरापासून उचलावी. माझे आजचे सांगणे बहुतेक एवढेच आहे. पण ते मी कशावरून सांगते, ते ऐका.

आमच्याकडेही शेगडी खालीच होती. गॅस आला तेव्हा एजन्सीचा मनुष्य म्हणाला होता, ‘आजी, ही वर ठेवावी लागते.’ मी म्हटले, ‘ठेवू की, ओटा घालायचाच आहे.’ मग सुगी आली, मग लग्न निघाले, आणि ओटा राहिला तो राहिलाच. गॅसवर आम्ही करायचो तरी काय? सकाळचा चहा, पाहुण्यांचा चहा आणि पावसात सरपण भिजले म्हणजे भात-आमटी. बाकी सगळे चुलीवर. खेड्यातल्या पुष्कळ घरांत आज असेच आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गरिबाच्या घरातही टाकी पोचली, ही फार मोठी गोष्ट झाली. पण टाकी घरात आली तरी अंगवळणी पडायला वेळ लागतो. अधूनमधून वापरायच्या वस्तूची सवय होत नाही, आणि जिची सवय नाही ती वस्तू आपण चुलीच्याच रीतीने हाताळायला जातो. खोट आहे ती तिथे.

श्रावणातला दिवस होता. सकाळपासून झड लागलेली, सरपण ओले, म्हणून चूल पेटवलीच नव्हती. सूनबाईने गॅसवर चहा केला आणि ती धार काढायला गोठ्यात गेली. मी देवपूजा आटोपून पडवीत शेंगा फोडीत बसले. नातू तेव्हा पावणेदोन वर्षांचा. तो आत माजघरात वाटी-चमच्याशी खेळत होता. थोड्या वेळाने वाटी-चमच्याचा आवाज थांबला. पोराचा आवाज बंद झाला की कुठल्याही आजीच्या पोटात कालवते. मी उठून आत गेले. पोर शेगडीपुढे बसलेले, दोन्ही बटणे फिरवलेली, आणि दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होते. वास मला पोराला उचलायला खाली वाकले तेव्हा आला. आधी नाही! उभ्याने काहीच जाणवले नव्हते. आणि भिंतीतल्या देवळीत, माझ्या छातीच्या उंचीवर, मी स्वतः लावलेले निरांजन तेवत होते.

पोराला काखेत मारून मी आधी पडवीत आले आणि मोठ्याने हाका मारल्या. सूनबाई धावत आली. ती माझ्यापेक्षा शहाणी. तिने आधी निरांजन विझवू की टाकी बंद करू असा विचार करत वेळ घालवला नाही. आत जाऊन रेग्युलेटर बंद केला, मागचे दार सताड उघडले आणि बाहेर आली. विजेच्या बटणाला हात लावला नाही. आम्ही अर्धा तास पावसात गोठ्याच्या वळचणीला उभे होतो. काही झाले नाही. पण त्या दिवशी सरपण कोरडे असते, नेहमीप्रमाणे चुलीत निखारे असते, तर काय झाले असते, हे मी पुढे कित्येक रात्री अंथरुणात पडून मनाशी घोळवले आहे.

निरांजनाने पेट का घेतला नाही? त्याचे उत्तर गॅसच्या वजनात आहे. टाकीतला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन वायूंचे मिश्रण. दाबाखाली ते पाण्यासारखे पातळ होऊन टाकीत राहते आणि बाहेर पडताच वायू बनते. एक वाटी पातळ गॅसाचा सुमारे अडीचशे वाट्या वायू होतो. हा वायू हवेपेक्षा जड आहे, दीडपट ते दुप्पट. त्यामुळे तो धुरासारखा वर चढून कौलांतून निघून जात नाही. पाट फुटल्यावर पाणी जसे वाफ्यात पसरते, तसा तो जमिनीलगत पसरतो, खळग्यात साचतो, उंबऱ्याशी अडतो. त्यावेळी आमच्या जमिनीवर गॅस होता आणि दिवा वर होता, म्हणून वाचलो. पण गॅस सुटतच राहिला असता, तर दिव्यापर्यंत चढायला त्याला कितीसा उशीर? हवेत शंभर भागांत दोन भाग जरी हा गॅस मिसळला, तरी तो पेट घेऊ शकतो. म्हणजे दिवा उंच आहे, आता भीती नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

ज्यांच्या परसात गोबरगॅस आहे, त्या घरांनी इथे जरा अधिक लक्ष द्यावे. ‘आम्हांला गॅस नवा नाही’ असे त्यांना वाटते. परंतु गोबरगॅसमधला जळणारा भाग मिथेनचा, आणि मिथेन हवेपेक्षा हलका. तो वरून उजेडाच्या झरोक्याने, कौलांच्या फटीतून निघून जाऊ शकतो. टाकीचा गॅस तसा जात नाही. त्याला वाट हवी ती खाली, दारातून किंवा जमिनीलगतच्या झरोक्यातून. नुसती वरची खिडकी उघडून भागणार नाही, दार उघडावे लागते.

आणि वासाचे म्हणाल, तर या गॅसला स्वतःचा असा वास नसतोच. सुटलेला कळावा म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम घालतात. तो वास आधी जमिनीजवळ येतो, म्हणजे रांगत्या पोराच्या नाकाशी, आणि त्याला तर तो काय आहे हे ठाऊक नाही. वय झाले की आमच्या पिढीचे नाकही मंद होते. उभी जिंदगी मशेरी लावलेल्या आज्यांच्या नाकावर घर सोडून जाऊ नका, असे मी माझ्यासकट सांगते.

आता शेगडी उचलायची म्हणजे काय करायचे? मोठे स्वयंपाकघर बांधायला मी सांगत नाही. विटांचे दोन पाय आणि त्यावर शहाबादी फरशी किंवा कडप्पा, एवढ्यावर भागते. गवंड्याचे एक-दोन दिवसांचे काम आहे. फरशी भिंतीत बसवून घ्यावी म्हणजे डुगडुगत नाही. उंची पावणेतीन फुटांच्या आसपास ठेवावी आणि खोली दोन फूट. घरात स्वयंपाक करणारी बाई ठेंगणी असेल तर इंचभर कमी करा, पण टाकीच्या डोक्यापेक्षा शेगडी वर राहिली पाहिजे, यात तडजोड नाही. टाकी ओट्याच्या बाजूला, जमिनीवर, उभी. ती आडवी कधी ठेवू नये आणि बंद कपाटात कोंडू नये. ओट्याखाली ठेवायची तर पुढची बाजू उघडी हवी. काही घरांत ओट्यासमोर नक्षीचा पडदा लावून टाकी झाकतात. दिसायला बरे, पण तो पडदा शेगडीखाली लोंबतो आणि पोर त्याला धरूनच उभे राहते. तो काढून टाका.

लाकडी टेबलावर शेगडी ठेवायची झाली, तर वर पत्रा ठोकून घ्या आणि टेबल भिंतीला पक्के करा. शाळेतून मोडीत निघालेली बाके लोक आणतात, ती पुढे झुकतात. पोराने धरून ओढले की सगळेच अंगावर.

ओटा झाला म्हणजे आपण सुटलो, असे मात्र नाही. दोन वर्षांचे पोर पावणेतीन फुटांच्या आसपास उंच असते. हात वर केला की त्याची बोटे ओट्याच्या कडेवर सहज चढतात. म्हणून शेगडी कडेला न ठेवता आत, भिंतीकडे सरकवून ठेवायची. दोन चुलींची शेगडी असेल, तर उकळते भांडे पोर ज्या बाजूने येते तिच्या पलीकडच्या चुलीवर ठेवावे. कुकरचा दांडा, तव्याचा दांडा, कढईचा कान कडेबाहेर येऊ देऊ नये. आणि ओट्याजवळ पाट, डबा, उलटी घातलेली बादली ठेवू नये. पोरे शिडी शोधण्यात मोठी हुशार असतात. आमच्या नातवाने दळणाचा डबा ढकलत आणला होता.

ओट्याने पोराचा हात लांब गेला, तरी बटण राहिलेच. यावर सगळ्यांत स्वस्त उपाय टाकीच्या डोक्यावरच आहे, तो म्हणजे रेग्युलेटर. शेगडीचे बटण बंद केले म्हणजे गॅस बंद झाला, असे आपण धरून चालतो. पण गॅस तेव्हाही नळीत, बटणापर्यंत येऊन उभाच असतो. पोराने बटण फिरवले की तो मोकळा. रेग्युलेटर बंद असेल, तर पोराने दिवसभर बटणे फिरवली तरी नळीत राहिलेल्या चिमूटभर गॅसापलीकडे काही येत नाही. म्हणून चहा झाला, रेग्युलेटर बंद. भाजी झाली, रेग्युलेटर बंद. रात्री निजताना बंद, शेतावर जाताना बंद. आमच्याकडे ही शिस्त लागायला दोन महिने लागले. सुरुवातीला मीच विसरायची. मग सूनबाईने एक युक्ती काढली. लायटर टाकीच्या वरच्या खुंटीला टांगून ठेवायचा. लायटर टांगायला गेलो की रेग्युलेटर समोर दिसतो, आणि लायटरही पोराच्या हाती लागत नाही. काडेपेटी मात्र घरात एकच ठेवा आणि ती फळीवर.

बटणे कडक आहेत, दाबल्याशिवाय फिरत नाहीत, असे म्हणून निर्धास्त राहू नका. वापरून वापरून ती ढिली होतात. शहरात बटणांवर बसवायची प्लॅस्टिकची झाकणे मिळतात. मिळाली तर जरूर लावा, पण रेग्युलेटरला ती पर्याय नव्हेत. शिवाय दूध उतू जाऊन जाळ विझला, वाऱ्याने विझला, तर तिथे ना पोराचा दोष ना बटणाचा. गॅसवर दूध ठेवून अंगणात गप्पा मारायला जायचे नाही.

चूल आणि गॅस एका खोलीत असू नयेत. हे बोलणे सोपे आहे, हे मी जाणते. पण चूल परसात किंवा पडवीत हलवता येते, गॅस तिथे उघड्यावर वाऱ्यात नेता येत नाही. जागाच नसेल, तर निदान चूल पेटलेली असताना किंवा तिच्यात निखारे असताना गॅस लावू नये आणि टाकी तर बदलूच नये. टाकी बदलताना घरात दिवा, उदबत्ती, विडी काहीही नको, आणि पोर घराबाहेर कोणाच्या तरी कडेवर हवे. देवाचा दिवा दुसऱ्या खोलीत हलवला तर देव रागावत नाही. आम्ही हलवला.

आता एक गोष्ट गॅसची नाही, पण शेगडीचीच आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. लहान मुले जाळाने भाजतात त्यापेक्षा जास्त गरम पातळाने पोळतात. चहा, आमटी, दूध, आंघोळीचे पाणी. पोराची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. आपण ज्या चहाचा घोट घेतो, त्याने त्याच्या अंगाला फोड येतात. ओतून पाव तास झालेला चहासुद्धा पोळवू शकतो. पोराला मांडीवर घेऊन चहा प्यायची आपली सगळ्यांचीच सवय आहे, पुरुषमंडळींची तर विशेष. आधी पोर खाली ठेवा, मग कप उचला. कडेवर पोर घेऊन फोडणी घालणारी बाई मी रोज बघते. तिच्या हाताला काम आहे, पोराला सांभाळायला दुसरे कोणी नाही, हे कळते. पण मोहरी तडतडून पोराच्या डोळ्यात जाते, आणि दचकून ते हात मारते तो कढईलाच. स्वयंपाकाच्या त्या तासापुरते पोर घरच्या दुसऱ्या माणसाने घ्यावे. शेतावरून आलेल्या कारभाऱ्यांनी हातपाय धुतले की पहिले काम हेच. आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी ओतावे आणि मग कढत. उलटे केले की तेवढ्या क्षणात पोर हात घालते. वरणाचे, भाताचे पातेले उतरवून जमिनीवर ठेवायची आपली रीत आहे, कारण पंगत जमिनीवर बसते. तेही निवेपर्यंत ओट्यावर आतल्या बाजूलाच राहू द्या.

अंगावरच्या कापडाचे एवढेच सांगते, की शेगडीपाशी सुती लुगडे, सुती साडी बरी. नायलॉनचे कापड पेटले की वितळून कातडीला चिकटते. पदर खोचलेला असावा, आणि हल्लीचे ते ढगळ बाह्यांचे गाऊन स्वयंपाकाला नकोत.

नळीकडे वळते. नळी चांगली म्हणजे नारिंगी रंगाची, आतून तारेची जाळी असलेली, जिला ‘सुरक्षा नळी’ म्हणतात ती. दर पाच वर्षांनी ती बदलावी, मग वरून कितीही नवी दिसो. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, आणि मध्ये जोड तर मुळीच नको. आपल्या घरांत धान्य असते, धान्य आहे तिथे उंदीर आहे, आणि उंदीर नळी कुरतडतो. नळीवर तेलाचे, पिठाचे हात पुसू नका. त्या वासालाच तो येतो. नळी दिसली पाहिजे, म्हणून तिच्यावर फडके गुंडाळू नका. आठवड्यातून एकदा साबणाचा फेस करून नळीच्या दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरच्या बुडाशी लावून बघा. बुडबुडे फुगले तर गॅस गळतो आहे. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत. त्यांना घराबाहेर काढा.

टाकी दारात आली की पोचवणाऱ्याला लगेच जाऊ देऊ नका. सील बघा, वजन करून मागा. घरगुती मोठ्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच लिहिलेले असते. दोन्हींची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे. मग झाकण काढायला लावून तोंडातले रबरी वायसर जागेवर आहे की नाही, आणि गळती नाही ना, हे त्याच्याकडूनच तपासून घ्या. ते त्याचे कामच आहे. टाकीच्या वरच्या कड्याला जोडलेल्या पट्टीवर आतल्या बाजूने एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. अक्षरे चार, ए, बी, सी आणि डी. वर्षाचे तीन-तीन महिन्यांचे चार भाग, जानेवारीपासून क्रमाने. ‘बी २८’ असेल, तर २०२८ सालच्या जूनअखेर त्या टाकीची पुन्हा तपासणी व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका. शाळेत जाणाऱ्या पोरीला हे वाचायला सांगा, ती अगदी हौसेने वाचते. टाकीचे प्लॅस्टिकचे झाकण दोरीने बांधलेले असते, ते तोडून पोराला खेळायला देऊ नका. टाकी गळायला लागली, तर रेग्युलेटर काढून तेच झाकण तोंडावर दाबून बसवायचे असते.

ऊसतोडीला, वस्तीवर, यात्रेला जाताना लोक बाजारातून छोटी टाकी आणतात. तिच्या डोक्यावरच बर्नर बसवलेला असतो, आणि तिच्यात गॅस कोणीतरी दुकानामागे बसून भरून देतो. अशी टाकी तपासलेली नसते, ती सहज कलंडते आणि पेटलेला बर्नर नेमका पोराच्या तोंडाच्या उंचीवर येतो. पाचटाच्या कोपीत ती घेऊन जाणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. लहान टाकी हवीच असेल, तर कंपनीची पाच किलोची एजन्सीकडून मिळते. ती घ्यावी आणि शेगडी वेगळी ठेवावी.

वास आला तर काय करायचे, ते आमच्या घरच्या गोष्टीत आलेच आहे. आधी पोरे बाहेर. मग रेग्युलेटर बंद. दारे-खिडक्या उघड्या. विजेचे बटण चालू करायचे नाही आणि चालू असेल ते बंदही करायचे नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. मोबाइलही घराबाहेर, लांब गेल्यावर लावा. गॅसगळतीसाठी देशभर एकच क्रमांक आहे, १९०६, आणि तो दिवसरात्र चालू असतो. तो टाकीमागच्या भिंतीवर रंगाने मोठा लिहून ठेवा. कढईतले तेल पेटले, तर त्यावर पाणी कधीही ओतू नका. भडका छताला जातो. शेगडी बंद करून वर ताट झाका. टाकीच्या तोंडाशी लहान जाळ दिसला, तर ओले गोणपाट किंवा ओले घोंगडे टाकून रेग्युलेटर बंद करावा. हात पोचत नसेल, जाळ मोठा असेल, तर शूरपणा न करता सगळ्यांनी लांब जावे आणि शेजाऱ्यांनाही उठवावे. अंगावरचे कपडे पेटले तर धावू नये. जमिनीवर लोळावे, किंवा दुसऱ्याने घोंगडे गुंडाळावे.

आणि इतके करूनही पोर पोळलेच तर? पाणी. नळाचे, रांजणाचे, विहिरीचे, साधे गार पाणी वीस मिनिटे सतत पोळलेल्या जागेवर सोडायचे. नळ नसेल तर तांब्याने ओतत राहा. वीस मिनिटे फार वाटतात, पोर आक्रोश करते, जीव थाऱ्यावर राहत नाही, पण घड्याळ लावून ओता. बाकीचे अंग कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेवा, नाहीतर पोर गारठते. बर्फ लावू नका. तूप, हळद, शाई, दंतमंजन, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस यांतले काहीही लावू नका. त्याने उष्णता आत कोंडते, जखम दूषित होते आणि डॉक्टरला खालची कातडी दिसत नाही. मनगट्या, वाळे, करदोटा, काळे दोरे लगेच काढा किंवा कापा, कारण सूज आली की ते रुततात. कापड कातडीला चिकटले असेल, तर ते ओढू नका. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून दवाखाना गाठा. पोराच्या स्वतःच्या तळव्याहून मोठी जागा पोळली असेल, तोंड, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग पोळले असेल, किंवा मूल वर्षाच्या आतले असेल, तर ‘बघू उद्या’ म्हणायचे नाही. १०८ला फोन केला की गाडी येते.

एक व्यवहाराची गोष्टही सांगते. कंपनीच्या नोंदणीकृत गॅसजोडणीवर अपघाताचा विमा असतो. त्याला आपल्याला वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. अपघात झाल्यास एजन्सीला ताबडतोब लेखी कळवायचे आणि पोलिसांत नोंद करायची. काळ्या बाजारातून भरलेल्या टाकीला यातले काही मिळत नाही.

पत्र लिहिणाऱ्या माझ्या बाई, ओटा होईपर्यंतचे दिवस तू कसे काढायचेस, हा तुझा प्रश्न शिल्लक राहतोच. आज संध्याकाळीच रेग्युलेटर बंद करायची सवय लाव. स्वयंपाक होत असेल तोवर पोर मामांच्या किंवा आत्यांच्या ताब्यात दे, आणि माजघराच्या दाराला गुडघ्याच्या वर येईल अशी आडवी फळी बसवून घे. पोर तिच्यावरून चढायला शिकायच्या आत ओटा झाला पाहिजे. कारभाऱ्यांना म्हणावे, फटक्यांपेक्षा विटा आणा. आणि आत्यांना सांग, चूल मोडायला कोणी सांगत नाही.

आमच्याकडे ओटा झाल्यावर पहिले पंधरा दिवस माझी कंबर दुखली. उभ्याने स्वयंपाक करायची सवय नव्हती. आता गॅसवर बहुतेक सगळे होते. बाजरीची भाकरी मात्र मी अजून परसातल्या चुलीवरच थापते, कारण गॅसवरची आमच्या घरात कोणाला गोड लागत नाही. नातू त्या वेळी आजोबांजवळ अंगणातल्या खाटेवर असतो, आणि पहिली भाकरी निवली की ती त्यालाच जाते.